राक्षसाला दाढी कोणाची?

खेळण्यातल्या राक्षसाला दाढी कोणाची लावायची आणि टोपी कोणाची घालायची, हे कुणीतरी बसून ठरवतं. एकदा ठरलं की तीच दाढी, तीच टोपी तीस-चाळीस वर्षं चालत राहते. विकणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही. ज्या मातीतून ती दाढी उचलली, तिथल्या माणसांना तर कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं असं की हे विचारायला हवं, आणि त्यासाठी खेळ सोडावा लागत नाही. हातात कटर आणि एम-सील घेऊन, खेळता खेळताच ते विचारता येतं.

खेळ म्हणजे मिनिएचर वॉरगेमिंग. जेमतेम सव्वा इंच उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक, मोठं टेबल, फासे आणि अंतर मोजायला टेप. सैनिक तयार मिळत नाहीत. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले हात, पाय, डोकी, ढाली असं सगळं सुटं येतं. ते कापायचं, चिकटवायचं आणि बारीक ब्रशने रंगवायचं. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहमची ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी. तिचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ 1983 साली आला. त्यात एल्फ, बुटके, सांगाडे, राक्षस अशा कल्पित जमातींच्या फौजा असतात. काही खेळाडू मात्र खोक्यावरचं चित्र मानत नाहीत. ते डोकी बदलतात, शिंगं कापतात, लुकण लावून नवे कपडे घडवतात आणि कल्पित फौजेतून खरी, इतिहासातली फौज उभी करतात. याला ते ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. मी सांगतोय ती फौज आहे मेसोपोटेमिया आणि प्राचीन इराणची.

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्या मुलांना हा नाद समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की किल्ल्यावर सहसा आपलीच माणसं असतात. इथं समोरची बाजूही मांडावी लागते, आणि मांडायची म्हणजे तिला चेहरा द्यावा लागतो. खरा प्रश्न तिथं सुरू होतो.

बाबिलची टोपी, गुलामांचा बाजार

वॉरहॅमरमध्ये ‘केऑस ड्वार्फ्स’ नावाची एक जमात आहे. मूळचे हे बुटके, पण वाट चुकलेले. ते बैलाच्या रूपातल्या हशुत नावाच्या देवाला भजतात, भट्ट्या पेटवतात, गुलाम पकडून आणतात आणि त्यांना राबवून मारतात. 1990 च्या दशकात त्यांच्या ज्या मूर्ती आल्या, त्यांची ओळख म्हणजे उंच टोप्या आणि रांगेत वळवलेल्या कुरळ्या दाढ्या. त्यांची राजधानी पायऱ्या-पायऱ्यांच्या झिगुरातसारखी. त्यांच्याकडे बैलाचं धड असलेले योद्धे, आणि ‘लामासू’ नावाचा पंखांचा प्राणी. 2025 मध्ये याच हशुतच्या भक्तांची नवी फौज बाजारात आली.

ज्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं असिरियाचं दालन, निदान त्याची चित्रं पाहिली आहेत, त्याला ही दाढी ओळखायला क्षणही लागणार नाही. ती निमरूद आणि निनवेच्या राजवाड्यांच्या भिंतींवरची दाढी आहे. झिगुरात ऊरचा आणि बाबिलचा. लामासू म्हणजे माणसाचं डोकं, बैलाचं किंवा सिंहाचं शरीर आणि गरुडाचे पंख असलेला असिरियाचा द्वारपाल. एका अख्ख्या संस्कृतीचं सामान उचललं आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांना वाटून टाकलं.

हे एकट्या कंपनीचं काम नाही. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये सॉरॉनच्या बाजूने लढायला येतात ते पूर्वेचे आणि दक्षिणेचे लोक, हत्तींसह. त्यांच्याही मूर्ती विकल्या जातात. 2007 साली जगभर गाजलेल्या ‘300’ या सिनेमात इराणचा बादशहा झर्क्सीस हा अंगभर कड्या टोचून घेतलेला राक्षसी उंचीचा माणूस आहे आणि त्याच्या निवडक सैनिकांच्या तोंडावर मुखवटे आहेत. मुखवटा काढला की आत अर्धवट जनावर. म्हणजे ज्याला मारायचं, त्याला चेहराच नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टॉल्किनने आपल्या पुस्तकात एक जागा सोडली आहे. शत्रूपक्षाचा एक माणूस मरून पडतो तेव्हा साध्या मनाच्या सॅमला प्रश्न पडतो, की याचं नाव काय असेल, हा खरंच वाईट होता का, की कुणी खोटं सांगून किंवा धाक घालून याला घरापासून इतक्या लांब आणलं. शेकडो पानांत हा एक परिच्छेद. पण माझ्या मते सगळं कन्व्हर्जन याच प्रश्नातून सुरू व्हायला हवं.

या मूर्ती घडवणाऱ्यांच्या मनात काही काळंबेरं होतं, असा आरोप मी करत नाही. त्या सुंदर आहेत, म्हणून तर आजही जुन्या केऑस ड्वार्फ्ससाठी लोक धडपडतात. पण एक हिशेब मांडून पाहा. गुलामगिरी अथेन्समध्ये होती, रोममध्येही होती. क्रूसावर खिळे ठोकून मारणं ही रोमची नित्याची शिक्षा होती. तरी कल्पित जगात रोमन शिरस्त्राण घातलेला शूर ठरतो आणि बाबिलची टोपी घातलेला गुलामांचा दलाल. क्रौर्य सगळ्यांचं होतं, पण त्याचा गणवेश एकाच दिशेकडून आणला गेला.

पायजमा, डाळिंब आणि चहाची गाळणी

टेबलावर हे दुरुस्त कसं करायचं? टोपी बदलून भागत नाही. आधी पाहावं लागतं की ही माणसं होती कशी.

इराणी फौजेचं सगळ्यात तपशीलवार वर्णन आपल्याला शत्रुपक्षातून मिळतं, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसकडून. झर्क्सीसचे सैनिक त्याने डोक्यापासून पायापर्यंत वर्णन केले आहेत. डोक्यावर मऊ टोपी, अंगात बाह्यांचा रंगीत अंगरखा, माशाच्या खवल्यांसारख्या लोखंडी पट्ट्या, पायांत पायजमा, हातात वेतानं विणलेली ढाल, आखूड भाला, मोठं धनुष्य, बोरूचे बाण आणि उजव्या मांडीशी लटकणारा खंजीर. ग्रीकांना या पायजम्याचं भारी हसू यायचं, ते त्याला बायकी समजत. आज जगातली बहुतेक पुरुषमंडळी पायजम्याची वंशज असलेली पँट घालते, आणि खुद्द ‘पायजमा’ हा शब्द फारसी आहे.

म्हणून पहिलं काम पायजम्याचं. एल्फ सैनिकांच्या अंगावर लांब खवल्यांचं चिलखत असतं, ते इराणी घोडेस्वाराला आणि पायदळाला चालतं. गुडघ्याखालचा घोळ कापायचा, पायाभोवती एम-सीलचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच सुईने चुण्या पाडायच्या. एल्फचं टोकदार शिरस्त्राण कानसून टाकायचं. त्यावर मऊ टोपी, जिची दोन पाखं गालांवर आणि एक मानेवर येते. वेताच्या उंच ढालींसाठी चहाच्या जुन्या गाळणीची जाळी पुठ्ठ्यावर चिकटवली तर झकास काम होतं. या ढाली पुढच्या रांगेत भिंतीसारख्या उभ्या राहत आणि मागून तिरंदाज बाणांचा पाऊस पाडत.

मग येतात ते दहा हजार, ज्यांना हिरोडोटस ‘अमर’ म्हणतो, कारण एक पडला की लगेच दुसरा भरती होऊन संख्या कायम राहायची. त्यांच्या भाल्यांच्या खालच्या टोकाला डाळिंब असायचं, हजार जणांचं सोन्याचं आणि नऊ हजारांचं चांदीचं. टेबलावर दहा सैनिक उभे केले तर एकाच्या भाल्याला सोनेरी मणी आणि नवांच्या भाल्यांना रुपेरी. मुखवटा नाही. सूसा इथल्या दारयुशच्या राजवाड्यातल्या चकचकीत विटांवर तिरंदाजांची रांग आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती पाहायला मिळते. त्यात प्रत्येकाचा चेहरा उघडा आहे, त्वचा सावळी, दाढी नीट राखलेली, अंगावर फुलाफुलांचा पायघोळ झगा. सिनेमाने ही फौज काळ्या रंगात बुडवली. खरी फौज रंगीबेरंगी होती. रंगवणाऱ्याला ती घाम फोडते, पण हा घाम गाळण्यासारखा आहे.

याच फौजेत इथिओपियाचे लोक होते, बिबट्याची आणि सिंहाची कातडी पांघरलेले, लढाईआधी अर्धं अंग खडूने पांढरं आणि अर्धं लाल रंगवणारे. उंच टोकदार टोप्यांचे शक होते, कुऱ्हाडी घेतलेले. आणि होते हिंदी, म्हणजे त्या काळी इराणच्या ताब्यात असलेल्या सिंधूकाठचे लोक. कापसाचे कपडे, वेताची धनुष्यं, लोखंडी टोकांचे वेताचे बाण. इ. स. पू. 479 मध्ये प्लाटियाच्या मैदानात ते ग्रीकांसमोर उभे होते. म्हणजे ‘300’मध्ये ज्या झुंडीला तलवारीने कापताना टाळ्या पडतात, त्या झुंडीत सुती कपड्यांतली आपल्या उपखंडाची माणसंही आहेत. टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये आपणही होतोच.

मागे जायचं तर सुमेर. ऊरच्या राजकबरींत सापडलेल्या, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका पेटीवर सैन्य दाखवलंय. तिला ‘स्टँडर्ड ऑफ ऊर’ म्हणतात. त्यात चार भरीव चाकांच्या गाड्या आहेत आणि त्यांना जुंपलेली जनावरं घोडे नाहीत. त्या काळचे लेख कुंगा नावाच्या महागड्या संकराबद्दल बोलतात. सिरियात सापडलेल्या हाडांची जनुकीय तपासणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की कुंगा म्हणजे पाळीव गाढवीण आणि जंगली गाढव यांची संतती. माणसाने मुद्दाम पैदास केलेला, आज माहीत असलेला हा सगळ्यात जुना संकरित प्राणी. त्यामुळे सुमेरी रथाला वॉरहॅमरचे धिप्पाड घोडे लावले तर सगळं फसतं. त्यांचे आयाळ कापा, कान लांबवा.

लाखीशची भिंत

आता दुसऱ्या बाजूचा धोका. आपल्या लोकांना राक्षस केलं म्हणून चिडून आपण त्यांना संत करून टाकतो. हा रोग आपल्याकडेही आहेच. बादशहावर टीका झाली की त्याला वली ठरवायला निघणारे आपल्यातही कमी नाहीत.

असिरियाच्या बाबतीत ही सोय नाही, कारण आपल्या क्रौर्याचा पुरावा त्यांनी स्वतःच दगडात कोरून ठेवलाय. इ. स. पू. 701 मध्ये सेनाखेरीब राजाने लाखीश हे शहर घेतलं आणि त्या विजयाची चित्रं निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. त्यात खांबांवर लटकवलेली माणसं आहेत. जिवंतपणी सोलली जाणारी माणसं आहेत. आणि शहर सोडून निघालेली कुटुंबं आहेत. बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर बायका आणि लेकरं, डोक्याखांद्यावर पिशव्या घेतलेली माणसं. हे दृश्य आपण पाहिलेलं आहे. फाळणीच्या फोटोंत पाहिलंय, मोसुलहून निघालेल्या लोकांच्या बातम्यांत पाहिलंय.

या भिंतींवर आणखी दोन माणसं वारंवार दिसतात, ती म्हणजे कारकून. कापलेल्या डोक्यांच्या ढिगाशेजारी दोघं शेजारी शेजारी उभे असतात. एक पाटीवर लिहितो, दुसरा गुंडाळीवर. एकाची भाषा अक्कडी, दुसऱ्याची अरामी. माझ्या लेखी या दोघांशिवाय असिरियाची फौज पुरी होत नाही. वॉरहॅमरच्या कुठल्याही जादूगाराच्या हातातली काठी काढा, पाटी द्या, की कारकून तयार. त्याला खेळात काही ताकद नसते. पण तो टेबलावर असला की कळतं, हे राक्षस नव्हते. राक्षस हिशेब ठेवत नाहीत. क्रौर्य करणारी ही पगारी, शिकलेली, वेळेवर कामाला येणारी माणसं होती. हे कळणं राक्षसाच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतीदायक आहे आणि जास्त उपयोगाचंही.

तसंच, एक बैलगाडी ठेवावी असंही माझं मत आहे. लढाईच्या कडेला, लाखीशहून निघालेली. खेळाच्या नियमांत तिला जागा नाही, म्हणूनच ठेवावी. आणि थोडी गंमतही असू द्या. निमरूदच्या एका शिल्पात फुगवलेल्या मशकी पोटाशी धरून नदी पार करणारे सैनिक आहेत. एम-सीलची मशक करायला पाच मिनिटं लागतात. पाण्यात हातपाय मारणारा सैनिक पाहून समोरचा खेळाडू हसतो, आणि त्या हसण्यात त्याला फौजेतला माणूस दिसलेला असतो.

मग राक्षस नकोतच का?

हवेत. पण त्यांचे, त्यांच्या अर्थाने.

बाबिलच्या सृष्टीकथेत तियामत ही समुद्रदेवी देवांशी लढायला राक्षसांची फौज उभी करते. त्यात विंचू-माणूस, मासा-माणूस, बैल-माणूस आहेत. म्हणजे कल्पित फौज ही नॉटिंगहमची मक्तेदारी नाही. पुढे याच प्राण्यांना त्या लोकांनी राखणदार केलं. त्यांच्या हातभर सुद्धा नसलेल्या मातीच्या मूर्ती करून ते घराच्या जमिनीखाली पुरत, बला आत येऊ नये म्हणून. निनवेला अशा मातीच्या पाच छोट्या कुत्र्यांचा संच सापडलाय. प्रत्येकाला रंग दिलेला आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलेलं. एकाच्या नावाचा अर्थ ‘विचार करू नकोस, चाव’ असा आहे. सत्तावीसशे वर्षांपूर्वीचे रंगवलेले मिनिएचर! लामासूही असाच राखणदार. मुंबईत फोर्टमधल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी तो आजही बसलेला दिसतो, पारशी समाजाने आपल्या पवित्र अग्नीच्या राखणीला बसवलेला. ज्याचं काम दारात उभं राहून वाईटाला अडवायचं, त्यालाच वाईटाच्या फौजेत भरती करणं ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक. म्हणून माझ्या मते लामासू हल्ला करणाऱ्यांत नसावा. तो शहराच्या वेशीवर असावा.

इथं काही वाचक विचारतील की मूर्ती, त्याही पंखांच्या, मुसलमानाच्या घरात कशाला? प्रश्न रास्त आहे आणि उलेमांची मतं यावर वेगवेगळी आहेत. मी मुफ्ती नाही. पण अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे, ती मला नेहमी आठवते. आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषितांनी (स.) विचारलं, घोड्याला कुठे पंख असतात का? त्यांनी उत्तर दिलं, सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, तुम्ही ऐकलं नाही का? त्यावर प्रेषित (स.) दाढा दिसेपर्यंत हसले. खेळणं आणि पूज्य मूर्ती यांतला फरक त्या घरात स्पष्ट होता. त्यावरून फतवा काढायचा अधिकार मला नाही. पण खेळण्याकडे पाहून आधी हसता यायला हवं, एवढं तरी त्यातून घ्यावं.

निनवे कुणाचं?

आता मुद्द्याची गोष्ट. या देशांचा जुना इतिहास आपला आहे का? आपल्यातले बरेच जण म्हणतील, तो जाहिलियतचा काळ, त्याच्याशी आपलं काय घेणं? हेच म्हणत दाएशने 2015 मध्ये निनवेच्या नेर्गल दरवाजावरच्या लामासूचा चेहरा ड्रिलने फोडला आणि निमरूदचा राजवाडा सुरुंग लावून उडवला. त्याआधी जुलै 2014 मध्ये त्यांनी मोसुलमधली नबी युनूस यांची मशीद आणि मजार उडवली होती. ती मजार ज्या टेकडीवर उभी होती, त्या टेकडीच्या पोटात असिरियाचा राजा एसरहद्दोनचा राजवाडा होता. शहर परत मिळालं तेव्हा तिथल्या बोगद्यांत त्याची शिल्पं दिसली. पैगंबराची मजार आणि बादशहाचा महाल एकाच मातीत एकावर एक. फोडणाऱ्यांनी वरचंही सोडलं नाही आणि खालचंही नाही.

सीरतमध्ये ताइफचा प्रसंग येतो. दगड खाऊन, रक्तबंबाळ होऊन प्रेषित (स.) एका बागेत टेकले, तेव्हा अद्दास नावाच्या एका ख्रिस्ती गुलामाने त्यांच्यासमोर द्राक्षं ठेवली. प्रेषितांनी त्याचं गाव विचारलं. तो म्हणाला, निनवा. त्यावर ते म्हणाले, म्हणजे नेक पुरुष युनूस यांचं गाव, ते माझे बंधू होते. मक्केत आणि ताइफमध्ये सगळे उलटले असताना निनवेच्या नावाने त्यांना आपल्या माणसाची ओळख पटली. आणि कुरआनात युनूस यांची कौम अशी कौम आहे, जिने वेळेत तौबा केली आणि जिच्यावरचा अजाब टळला. लाखीशच्या भिंती ज्या शहरात कोरल्या गेल्या, त्या शहरालाही माफी मिळू शकते, असं ही गोष्ट सांगते. निनवे म्हणजे फक्त राक्षस, असं म्हणायचा हक्क मग मुसलमानाला तरी उरत नाही.

इराणचंही तसंच. फिरदौसी मुसलमान होता आणि 1010 साली त्याने ‘शाहनामा’ पुरा केला तो इस्लामपूर्व बादशहांची आठवण जपण्यासाठी. दहाव्या शतकात बुवैही घराण्याचा अजुद-उद-दौला पर्सेपोलिसला आला आणि तिथल्या दगडावर आपला लेख कोरून गेला.  आपल्या घरांत आजही रुस्तम, सोहराब, परवेझ, जमशेद अशी नावं ठेवली जातात. दारा शिकोहच्या नावातला ‘दारा’ म्हणजे तोच दारयुश. आणि मराठीने तर सगळी फौजच फारसीतून घेतली आहे. लष्कर, सरदार, शिपाई, तीर, कमान, लगाम, जीन. मावळ्याचं घोडं फारसी लगामावर चालतं, मग पार्सचा घोडेस्वार आपल्याला परका कसा?

बाहेरच्यांचा हिशेबही सांगितला पाहिजे. एप्रिल 2003 मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, हजारो वस्तू गेल्या, आणि शहराचा ताबा घेतलेलं सैन्य ते वेळेत थांबवू शकलं नाही. बाबिलच्या अवशेषांवर त्याच सैन्याने छावणी टाकली, त्यात झालेल्या नुकसानीचा अहवाल ब्रिटिश म्युझियमने दिला. एक बाजू म्हणते हे कुफ्र आहे, दुसरी बाजू त्यावर तंबू ठोकते. दोन्ही बाजूंना ती जमीन माणसांविनाच दिसते. खेळण्यामुळे युद्ध होतं, असा दावा मी करणार नाही. पण ज्या जमिनीवर फक्त राक्षस राहतात असं लहानपणापासून पाहिलंय, तिच्यावर बॉम्ब पडल्याची बातमी आली तर घास अडकत नाही, एवढं मला नक्की वाटतं.

‘अहो, खेळ आहे हा’

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. खेळ आहे, मान्य. मजा यायलाच हवी. पण मजेसाठी माणूस शंभर-शंभर तास एका फौजेवर घालवतो. एवढा वेळ तो कुठल्या पुस्तकालाही देत नाही. एवढ्या वेळात मनात काहीच उतरत नाही, असं कसं मानायचं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इतिहासातल्या खऱ्या इराणी फौजेच्या तयार मूर्ती बाजारात मिळतात, मग राक्षस कापत बसायची कटकट कशाला? ज्याला फक्त इतिहासाची लढाई खेळायची आहे, त्याने खुशाल त्या घ्याव्यात. पण ती बिघडलेली प्रतिमा कल्पित खेळाच्या टेबलावर आहे, आणि दुरुस्ती बिघाड असेल तिथंच करावी लागते. शिवाय कापण्यातून जे शिकायला मिळतं, ते विकत मिळत नाही. दाढीच्या एकेक वळणाला रिकाम्या रिफिलच्या टोकाने दाब देताना लक्षात येतं, की ज्याने ती मूळ दगडात कोरली, त्याला किती दिवस लागले असतील, आणि ज्याची दाढी तशी होती, तो रोज सकाळी किती वेळ आरशापुढे बसत असेल. राक्षसाबद्दल असा विचार कुणी करत नाही.

कन्व्हर्जनची ताकद पाहायची असेल तर लंडनचं एक उदाहरण घ्या. 2018 मध्ये ट्रॅफल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर मायकेल राकोविट्झ या कलावंताने नेर्गल दरवाजाचा फोडलेला लामासू पुन्हा उभा केला, इराकी खजुराच्या रसाचे साडेदहा हजार डबे वापरून. राकोविट्झ इराकी ज्यू घराण्यातला अमेरिकन. मुसलमानाच्या नावाने फोडलेली असिरियाची मूर्ती एका ज्यू माणसाने ख्रिस्ती देशाच्या राजधानीत डब्यांच्या पत्र्याने जोडली. वारसा कुणाचा, याचं उत्तर मला त्या पत्र्यात दिसतं. जो सांभाळेल, त्याचा.

मुंबईत राहणाऱ्यांना त्यासाठी लंडन गाठायचीही गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियाची अस्सल शिल्पं आहेत. इ. स. पू. 539 मध्ये बाबिल जिंकणाऱ्या कुरुश राजाचा मातीचा लेख, जगप्रसिद्ध सायरस सिलिंडर, 2013 च्या डिसेंबरात याच संग्रहालयात पाहुणा आला होता. मुलांना घेऊन जा. त्यांना त्या दाढीची वळणं मोजू द्या. नंतर त्यांनी खेळण्यातल्या राक्षसाची दाढी पाहिली आणि विचारलं, ही तर त्या माणसांची आहे, याला कुणी दिली, तर तुमचं अर्धं काम झालं.

उरलेल्या अर्ध्यासाठी एम-सीलची एक पुडी पुरते.